सोंग कुणी घेतलं होतं?

बाबो आपल्या धन्याची दाढी करतो आहे. धनी म्हणजे डॉन बेनिटो सेरेनो, एका स्पॅनिश जहाजाचा तरुण, आजारी कप्तान. बाबोने त्याच्या गळ्याभोवती जे कापड गुंडाळलंय, तो स्पेनचा झेंडा आहे. समोर बसलेला अमेरिकन कप्तान अमासा डेलानो हे कौतुकाने पाहतो आहे. झेंड्याचं त्याला हसू येतं. या लोकांना भडक रंग आवडतातच, अशी तो मनाची समजूत घालतो. दाढी करणं, केस विंचरणं, मालकाची उठबस करणं काळ्या माणसाला उपजतच साधतं, असंही त्याच्या मनात येतं. बोलता बोलता तो सेरेनोला प्रवासाबद्दल एक अडचणीचा प्रश्न विचारतो. सेरेनो दचकतो आणि साबणाच्या फेसावर रक्ताचा ओघळ उतरतो. थोड्या वेळाने बाबो गालावर हात दाबून बाहेर येतो. जरासा वस्तरा लागला म्हणून धन्याने आपला गाल कापला, असं तो सांगतो. डेलानो मनातल्या मनात हळहळतो : गुलामगिरी माणसात काय काय विकार निर्माण करते!

डेलानो वाईट माणूस नाही. तो मदतीला आलाय, पाणी आणि अन्न घेऊन आलाय, त्याला दया येते. एवढं सगळं असूनही त्या खोलीत मालक कोण आणि गुलाम कोण हे त्याला दिवसभरात एकदाही कळत नाही.

हर्मन मेलव्हिलची 'बेनिटो सेरेनो' ही दीर्घकथा १८५५ सालच्या ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर महिन्यांत 'पुटनम्स मंथली' या मासिकातून तीन हप्त्यांत आली. खरा प्रकार वाचकाला अगदी शेवटाकडे कळतो. जहाजावरच्या गुलामांनी कधीच बंड केलंय. त्यांचा मालक अलेक्झांड्रो अरांडा मारला गेलाय, सेरेनो कैदेत आहे आणि बंडाचा सूत्रधार बाबो आहे. परक्या जहाजाचा कप्तान येताना दिसला, तेव्हा बाबोने काही तासांत अख्ख्या जहाजाचं नाटक बसवलं. ज्याने त्याने जुनी भूमिका वठवायची. धिप्पाड अटुफलने साखळदंड घालून दर दोन तासांनी कप्तानापुढे उभं राहायचं आणि माफी मागायला नकार द्यायचा. त्या साखळदंडाच्या कुलपाची किल्ली सेरेनोच्या गळ्यात. सेरेनोच्या कमरेला चांदीने मढवलेली तलवार दिसते, पण म्यानात तलवार नाहीच; रिकामं म्यान ताठ राहील अशी व्यवस्था तेवढी केलेली आहे. आणि स्वतः बाबो धन्याच्या कुशीतून क्षणभरही हलत नाही, त्याला एकटं सोडत नाही, त्याच्या वतीने बोलतो. हीच पाळत डेलानोला निष्ठा वाटते. असा मित्र मिळाला म्हणून मला तुमचा हेवा वाटतो, याला गुलाम म्हणवत नाही, असं तो सेरेनोला सांगतो. मग पन्नास सोन्याची नाणी देऊन त्याच 'मित्राला' विकत घेण्याची तयारीही दाखवतो.

पहिल्या वाचनात मीही डेलानोबरोबर फसलो होतो. त्या कथेची आठवण त्यामुळेच बोचते. मेलव्हिलने कथा अशी लिहिली आहे की वाचकाला डेलानोच्या डोळ्यांनीच पाहावं लागतं. आपल्याला बाबो निष्ठावान वाटतो, कारण आपणही नोकराच्या चेहऱ्यावर जे पाहायचं असतं तेच पाहत आलेलो असतो.

या जुन्या कथा आज उघडण्याचं कारण आहे. २०२३ च्या जुलैमध्ये फ्लोरिडा राज्याच्या शिक्षण मंडळाने शाळांसाठी आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे नवे निकष मंजूर केले. त्यांत एक वाक्य होतं : गुलामांनी अशी कौशल्यं मिळवली जी काही बाबतीत त्यांच्या वैयक्तिक फायद्यासाठी वापरता येत होती, हे शिकवावं. अमेरिकेत त्यावर मोठा गदारोळ झाला. निकष तयार करणाऱ्यांनी काही लोहारांची, चांभारांची नावं पुढे केली. विरोधकांनी त्यातल्या कित्येकांचे तपशीलच चुकीचे असल्याचं दाखवलं. तो वाद तपशिलांचा झाला आणि त्याखालचा खरा प्रश्न तसाच राहिला. ज्या नात्यात एका बाजूला 'नाही' म्हणण्याची सोयच नाही, त्या नात्यातल्या समाधानाची, कृतज्ञतेची, फायद्याची साक्ष मालकाच्या नजरेवरून काढता येते का? माझं उत्तर स्वच्छ नकारार्थी आहे. आणि ते उत्तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कथा-कादंबऱ्यांनी जास्त नेमकेपणाने दिलंय असं मला वाटतं. इतिहास आपल्याला मुखवट्याबद्दल सांगतो. कथा आपल्याला त्या मुखवट्यासमोर बसवते आणि फसवते.

मुखवटा का लागतो हे मात्र कथेबाहेरच्या एका माणसाकडून ऐकावं. गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्रात मेरीलँडमधल्या कर्नल लॉइडची हकिकत सांगितली आहे. लॉइडकडे इतके गुलाम होते की तो सगळ्यांना ओळखत नव्हता आणि सगळे त्याला ओळखत नव्हते. एकदा रस्त्यात त्याला एक काळा माणूस भेटला. कुणाचा तू? कर्नल लॉइडचा. कर्नल तुला नीट वागवतो का? नाही साहेब. काम फार करून घेतो? हो साहेब. समोर खुद्द मालक आहे हे त्या माणसाला माहीत नव्हतं. तो आपल्या वाटेने गेला. दोन-तीन आठवड्यांनी मुकादमाने त्याला सांगितलं की मालकाबद्दल तक्रार केल्यामुळे तुला जॉर्जियाच्या व्यापाऱ्याला विकलं आहे. लगेच बेड्या पडल्या, आणि घरच्या माणसांपासून तो कायमचा तुटला. साध्या प्रश्नाला खरं उत्तर दिल्याची ही किंमत. डग्लस पुढे लिहितो की मालक आपल्या गुलामांच्या मनात काय आहे हे काढून घ्यायला हेरही पेरत. म्हणून विचारलं की गुलाम हमखास सांगत, आम्ही सुखी आहोत, आमचा धनी दयाळू आहे.

म्हणजे हा मुखवटा गुलामाने हौसेने चढवलेला नाही. मालकाने तो त्याच्या चेहऱ्यावर बसवला आणि मग तोच त्याचा चेहरा आहे असं जगाला सांगितलं.

हे सांगण्यासाठी मालकवर्गाने केवढी यंत्रणा उभी केली होती! नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस रफिन यांनी १८२९ मध्ये एका खटल्यात लिहिलं की गुलामाची शरणागती परिपूर्ण व्हायची तर मालकाची सत्ता निरपवाद असली पाहिजे. त्या खटल्यात एका माणसाने भाड्याने घेतलेल्या गुलाम स्त्रीवर, ती पळू लागली म्हणून, गोळी झाडली होती. न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. लुइझियानाच्या सॅम्युएल कार्टराइट या डॉक्टरने १८५१ मध्ये गुलामांच्या पळून जाण्याला चक्क एका रोगाचं नाव दिलं : ड्रेपटोमेनिया. व्हर्जिनियाचा जॉर्ज फिट्झह्यू १८५७ मध्ये लिहून गेला की दक्षिणेतले गुलाम हे जगातले सर्वांत सुखी लोक आहेत. न्यायाधीश म्हणतो सत्ता निरपवाद हवी, डॉक्टर म्हणतो पळणारा आजारी आहे, पंडित म्हणतो सगळे सुखी आहेत. ही तीन वाक्यं शेजारी ठेवली की कुणी कुणाचं सोंग घेतलं होतं हे दिसायला लागतं. बंदूक हातात धरून बापाचं, वैद्याचं, पालनकर्त्याचं सोंग मालकाने घेतलं होतं. फरक एवढाच की गुलामाला आपल्या तोंडावर मुखवटा आहे हे चोवीस तास ठाऊक असायचं. मालक मात्र आपल्या मुखवट्यालाच चेहरा समजून झोपी जायचा.

मेलव्हिलला हे नेमकं माहीत होतं. त्या जहाजाच्या मागच्या बाजूला एक कोरीव चित्र आहे. मुखवटा घातलेली एक काळी, अर्धपशू आकृती खाली पडून तळमळणाऱ्या दुसऱ्या आकृतीच्या मानेवर पाय देऊन उभी आहे, आणि खालच्या आकृतीच्या तोंडावरही मुखवटा आहे. वर कोण आणि खाली कोण, काही कळत नाही. कथेच्या शेवटी सेरेनो डेलानोच्या होडीत उडी मारतो आणि बाबो खंजीर घेऊन त्याच्या मागोमाग झेपावतो. होडीच्या तळाशी बाबोला दाबून धरताना डेलानोचा पाय त्याच्या अंगावर असतो. त्या कोरीव चित्रातली वरची जागा आता दयाळू, उत्तरेकडच्या, स्वतःला गुलामगिरीपासून अलिप्त समजणाऱ्या अमेरिकनाने घेतली आहे.

ही गोष्ट निव्वळ काल्पनिक नाही, तिचा सांगाडा खरा आहे. खराखुरा अमासा डेलानो मॅसॅच्युसेट्समधला. १८०५ च्या फेब्रुवारीत चिलीच्या किनाऱ्याजवळ सांता मारिया बेटापाशी त्याला 'ट्रायल' नावाचं जहाज भेटलं आणि तिथे जवळपास हेच घडलं. १८१७ मध्ये त्याने ते आपल्या प्रवासवर्णनात लिहिलं. मेलव्हिलने काळ मागे नेऊन १७९९ केला आणि जहाजाचं नाव 'सॅन डोमिनिक' ठेवलं. सेंट डोमिंग म्हणजे आजचं हैती; तिथल्या गुलामांचं बंड १७९१ मध्ये सुरू झालं आणि त्यातून १८०४ मध्ये स्वतंत्र देश जन्माला आला. तेव्हाच्या वाचकाला हे नाव पुरेसं होतं. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मेलव्हिलचे सासरे लेम्युएल शॉ मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश होते. गुलामगिरी त्यांना मनातून मान्य नव्हती. तरी १८५१ मध्ये थॉमस सिम्स हा पळून आलेला तरुण बॉस्टनमध्ये पकडला गेला, तेव्हा त्यांनी १८५० च्या फरारी गुलाम कायद्यापुढे मान तुकवली आणि सिम्सला जॉर्जियाला परत पाठवलं गेलं. चार वर्षांनी जावयाने डेलानो रंगवला. हा थेट संबंध मी सिद्ध करू शकत नाही, पण सज्जन माणसाच्या डोळ्यांवरची झापडं मेलव्हिलने दुरून पाहिली नसावीत.

गुलामांच्या वेषांतराची दुसरी परंपरा पळून जाण्याची. तिच्यात सर्वांत विलक्षण गोष्ट एलन आणि विल्यम क्राफ्ट या जोडप्याची. १८४८ चा डिसेंबर, जॉर्जियातलं मेकन गाव. एलनचा बाप तिचा पहिला मालकच होता, त्यामुळे ती रंगाने जवळजवळ गोरी. तिने केस कापले, पुरुषाचे कपडे घातले, हिरवा चष्मा लावला, दातदुखी असल्यासारखा जबडा बांधला आणि आजारी तरुण जमीनदार बनून ती रेल्वेत बसली. नवरा विल्यम तिचा गुलाम. पहिल्याच गाडीत तिच्या मालकाच्या ओळखीचा गृहस्थ शेजारी येऊन बसला. तिने बहिरेपणाचं सोंग घेतलं. उत्तमोत्तम हॉटेलांत उतरत, आगबोटींतून, ते नाताळच्या दिवशी फिलाडेल्फियाला पोचले. आपल्याकडे म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. एलनने तेही आणलं. तिला आणता आलं नाही ते अक्षराचं सोंग. गुलामांना लिहा-वाचायला शिकवू दिलं जात नव्हतं, आणि हॉटेलच्या वहीत सही तर करावी लागणार. म्हणून तिने उजवा हात झोळीत अडकवला. त्या झोळीत अमेरिकेतल्या गुलामगिरीचा सगळा कायदा बांधलेला आहे असं मला वाटतं.

आणि पुन्हा तोच धडा. गोरा रंग, चांगले कपडे आणि मागे सामान उचलणारा काळा माणूस, एवढ्यावर जॉर्जिया ते पेनसिल्व्हेनिया वाटेतल्या प्रत्येक गोऱ्याने 'साहेब' म्हणून मान दिला. मालकपणा म्हणजे एवढंच होतं तर! कादंबरीकारांनी हे लगेच उचललं. विल्यम वेल्स ब्राउन स्वतः पळून आलेला गुलाम. १८५३ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या 'क्लोटेल'मध्ये त्याने हीच युक्ती आपल्या नायिकेला दिली. त्याआधी वर्षभर हॅरिएट बीचर स्टोच्या 'अंकल टॉम्स केबिन'मध्ये जॉर्ज हॅरिस त्वचा आणि केस रंगवून स्पॅनिश दिसणारा सभ्य गृहस्थ बनतो, केंटकीतल्या एका खानावळीत शिरतो आणि भिंतीवरची स्वतःला पकडण्याची जाहिरात शांतपणे वाचतो. जाहिरातीत लिहिलंय की त्याच्या हातावर डागणी आहे. त्याच हातात त्याने मोजा घातलेला आहे.

स्टोच्या कादंबरीबद्दल एक सांगायला हवं. तिच्यातला टॉम सहनशील, क्षमाशील, म्हणून पुढे त्याचं नावच शिवी झालं. पण त्याच पुस्तकात लेग्री या क्रूर मालकाच्या मळ्यावरची गुलाम स्त्री कॅसी आहे. लेग्री भुतांना भितो हे तिला ठाऊक आहे. ज्या माळ्यावर त्याने एका स्त्रीचा छळ केला होता, तिथेच ती एमेलीन या तरुण गुलाम मुलीबरोबर लपते आणि रात्री पांढरी चादर पांघरून घरात फिरते. मालकाची स्वतःची भीती हेच तिचं शस्त्र. टॉमवरच्या शंभर वर्षांच्या वादात कॅसीकडे फार कमी लक्ष गेलं, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता मार्क ट्वेन. 'पडनहेड विल्सन' ही १८९४ ची कादंबरी विस्कळीत आहे, मध्येच कंटाळा आणते, पण रॉक्सीची पानं मला त्याच्या कुठल्याही पानांपेक्षा मोठी वाटतात. मिसुरीतल्या एका काल्पनिक गावात, १८३० मध्ये, रॉक्सी मालकाच्या मुलाला आणि स्वतःच्या मुलाला एकत्र सांभाळते. रॉक्सीच्या रक्तातल्या सोळा वाट्यांपैकी पंधरा गोरे, एक काळा. तिच्या मुलाचे बत्तीसपैकी एकतीस गोरे. दिसायला दोन्ही बाळं सारखीच. पण व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्यापासून दक्षिणेत नियम ठरून गेलेला, मुलाचा दर्जा आईवरून. या कायद्याने गोऱ्या बापांना स्वतःची मुलं विकता आली, स्वतःच्या पंगतीत त्यांना वाढपी म्हणून उभं करता आलं. कायदा आणि रूढी यांच्या एका कल्पितामुळे रॉक्सीचा मुलगा काळा ठरतो, असं ट्वेन लिहितो. मुलाला एक दिवस नदीच्या खालच्या अंगाला, दूर दक्षिणेच्या मळ्यांवर विकतील या भीतीने रॉक्सी एका रात्री दोघांचे कपडे बदलते. बस. एक लेकरू धनी होतं, दुसरं गुलाम.

पुढचं निरीक्षण ट्वेनने दोन-तीन वाक्यांत उरकलंय, आणि तिथेच मी अनेकदा थांबलो आहे. कुणाला संशय येऊ नये म्हणून रॉक्सी स्वतःच्या मुलाशी धन्याशी बोलावं तसं आदबीने बोलायचा सराव करते. आधी ते सोंग असतं. मग सवय होते. मग सोंगातली आदब खरी होते, आणि एक दिवस तिचं पोटचं पोर तिला खरोखर आपला धनी वाटायला लागतं. पुढे तो भित्रा, क्रूर, चोरटा निघतो, तेव्हा ती त्याला म्हणते की हा तुझ्यातल्या काळ्या वाट्याचा दोष. ज्या खोट्यावर तिने मात केली, तेच खोटं तिच्या तोंडून बोलतंय.

मुखवट्याचं हे रूप बाबोच्या गोष्टीत नाही. बाबोचा मुखवटा त्याच्या मनाला कधीच चिकटला नाही. रॉक्सीचा चिकटला. मुखवट्याला प्रतिकार म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांशी माझं इथे पटत नाही. रोज, जन्मभर, जीव वाचवण्यासाठी घातलेला मुखवटा माणसाच्या कातडीत शिरतो. प्रत्येक नमस्कारामागे छुपं बंड होतं असं म्हणणं हेही त्या लोकांवर आपल्या सोयीची गोष्ट लादणंच आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट जोतीराव फुल्यांनी ओळखली होती. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या लोकांना उद्देशून आहे. काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो स्वार्थत्याग केला त्याचं कौतुक करून आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा तिथे जोतीराव व्यक्त करतात. अमेरिकेत गुलामगिरी घटनेने बंद होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पण धोंडिबाशी चाललेल्या त्या संवादात जोतीरावांचा सगळा रोख बेड्यांपेक्षा ग्रंथांवर आहे. पोथ्या, कथा, व्रतं यांनी शूद्रातिशूद्रांच्या मनातच दास्य पेरलं, ते त्यांना आपलंच वाटायला लागलं, हे त्यांचं म्हणणं. रॉक्सीचं जे झालं, ते पिढ्यान्‌पिढ्या, लाखोंचं झालं. आपल्या घरात राबणाऱ्या बाईबद्दल 'ती अगदी घरच्यासारखी आहे' असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा मला डेलानोची ती पन्नास नाणी आठवतात.

ट्वेनच्या कादंबरीचा शेवट बोटांच्या ठशांनी होतो. कोर्टात ठसे जुळतात, मालक गुलाम ठरतो आणि गुलाम मालक. खोट्या वारसावर खुनाचा गुन्हा सिद्ध होतो, पण तो गुलाम म्हणजे मालमत्ता. मालमत्तेला कोठडीत कुजवणं धनकोंना परवडणारं नाही, म्हणून त्याला माफी देऊन नदीच्या खालच्या अंगाला विकून टाकतात. आणि खरा वारस? त्याला लिहिता-वाचता येत नाही. त्याची भाषा, चाल, हसणं, सगळं गुलामांच्या वस्तीतलं. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात त्याला धडकी भरते. जीव रमतो तो फक्त स्वयंपाकघरात, आणि चर्चमधल्या काळ्यांच्या सज्जात आता त्याला जाता येत नाही. रक्तात काही नसतं हे सांगायला एवढं पुरेसं आहे.

बाबोवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. मेलव्हिलने त्याला क्रूर दाखवलं. अरांडाला मारून त्याचा सांगाडा जहाजाच्या पुढच्या टोकावर लावला, खाली लिहिलं, 'आपल्या नेत्यामागे चला', आणि एकेका स्पॅनिश खलाशाला ते दाखवून विचारलं, हा पांढरेपणा कुणाचा? काही टीकाकार म्हणतात की ही कथा गोऱ्यांच्या भयाला खतपाणी घालते. मला ते पटत नाही, पण तो सांगाडा माझ्याही नजरेसमोरून हलत नाही. निरपवाद सत्तेच्या शाळेत शिकलेला माणूस सत्ता हाती आल्यावर ती कशी वापरेल, हा प्रश्न कथा सोडवत नाही, नुसता समोर ठेवते. बाबोच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की जे जहाज आफ्रिकेतल्या माणसांना मालासारखं वाहून नेत होतं, त्यावर हिंसा त्याने आणली नव्हती. त्याला घरी, सेनेगालला जायचं होतं. समुद्रावर त्याला दुसरं कुणी नेणार नव्हतं.

कथेतला खरा दोष माझ्या मते वेगळा आहे. बाबोची बाजू आपल्याला कळतच नाही. शेवटी कोर्टातली साक्ष येते ती सेरेनोची, स्पॅनिश कायद्याच्या कोरड्या भाषेत. पकडला गेल्यापासून बाबो एक शब्द बोलत नाही. लिमामध्ये त्याला फाशी देतात, धड जाळतात, डोकं चौकात खांबावर टांगतात, आणि ते डोकं गोऱ्यांच्या नजरेला नजर देत राहतं. तीन महिन्यांनी सेरेनो मरतो. तुम्ही वाचलात, मग तुमच्यावर ही कसली छाया पडली आहे, असं डेलानो त्याला त्याआधी विचारतो. सेरेनो उत्तर देतो : त्या काळ्याची. बाबोच्या त्या मौनाला दोष म्हणावं की मेलव्हिलचा प्रामाणिकपणा, यावर माझं मत वर्षानुवर्षं बदलत आलंय. आता वाटतं की जे आपण ऐकलेलंच नाही ते ऐकलं असं भासवणं मेलव्हिलने नाकारलं.

त्या मौनाच्या पलीकडे कोण जाऊ शकलं असतं, तर चार्ल्स चेस्नट. गोऱ्यांत सहज खपून गेला असता असा गोरा रंग असूनही तो स्वतःला कृष्णवर्णीयच म्हणवत राहिला. १८९९ च्या त्याच्या कथासंग्रहात ग्रँडिसनची गोष्ट आहे. केंटकीतल्या कर्नल ओवेन्सचा आळशी मुलगा डिक एका मुलीवर छाप पाडण्यासाठी बापाचा एक गुलाम उत्तरेला नेऊन मोकळा करायचं ठरवतो. कर्नल आधी ग्रँडिसनची परीक्षा घेतो : तिकडच्या स्वतंत्र काळ्यांपेक्षा तू इथे सुखी नाहीस का? ग्रँडिसन असं काही उत्तर देतो की कर्नल भरून पावतो. डिक त्याला न्यूयॉर्कला नेतो, बॉस्टनला नेतो, एकटा सोडतो, पैसे हाताशी ठेवतो, गुलामगिरीविरोधी मंडळींना निनावी पत्रं लिहून त्याच्या मागे लावतो. ग्रँडिसन हलत नाही. शेवटी नायगाऱ्याजवळ, कॅनडाच्या हद्दीत, डिक त्याला इतरांच्या ताब्यात देऊन निघून येतो. काही आठवड्यांनी ग्रँडिसन फाटक्या कपड्यांत, दमून भागून, पायी केंटकीला परत येतो. कर्नलला आकाश ठेंगणं होतं. पाहा, स्वातंत्र्य टाकून माझ्याकडे आला! तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही हकिकत पुन्हा पुन्हा सांगतो. फ्लोरिडाच्या त्या वाक्यामागे हाच कर्नल उभा आहे, असं मला वाटतं.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी सकाळी ग्रँडिसन दिसत नाही. त्याची बायकोही नाही. आई, बाप, भाऊ, धाकटी बहीण, कुणीच नाही. तो परत कशासाठी आला होता ते आता कळतं. कॅनडाची वाट, वाटेतली मदतीची घरं, सगळं त्याने पाहून ठेवलं होतं. एकट्याने सुटून त्याला काय करायचं होतं?

कर्नल पाठलाग करत ईरी सरोवराच्या धक्क्यापर्यंत पोचतो. आगबोट नुकतीच सुटून कॅनडाच्या दिशेने निघाली आहे, आणि मागच्या बाजूला ग्रँडिसन घरच्या माणसांबरोबर उभा आहे. तो शेजारच्या खलाशाला बोट करून कर्नलला दाखवतो. हात हलवतो तो खलाशी. धक्क्यावर कर्नल मूठ आवळतो. बोट दाखवताना ग्रँडिसन त्या खलाशाला काय म्हणाला, ते चेस्नटनेही लिहिलेलं नाही.